बिनचिठ्ठीचा पत्रा



आमच्या पुसेगावात जुन्या बायका अजूनही ॲल्युमिनियमला 'जर्मन' म्हणतात. जर्मनचे पातेले, जर्मनचा डबा. माझ्या आईने उभ्या आयुष्यात ॲल्युमिनियम हा शब्द उच्चारला नाही. आज याच जर्मनबद्दल लिहायचे आहे. त्याची पातेली होतात तशी विमानेही होतात, आणि दोन्हीचा पत्रा डोळ्यांना सारखाच दिसतो. घोटाळा तिथेच आहे.

निमित्त झाले एका जुन्या विद्यार्थ्याचे. गेल्या आठवड्यात त्याने मोबाईलवर एक चित्रफीत पाठवली. कुठल्याशा खेड्यातला मुलगा भंगारातले पत्रे आणि जुने इंजिन जोडून विमान बनवतो आहे. खाली लिहिले होते, 'सर, याला म्हणतात जुगाड! आपल्या पोरांत काय कमी आहे?' मी दोन दिवस उत्तर दिले नाही. मग ठरवले की मनातले सविस्तरच लिहावे. त्याला दोन ओळीत उत्तर देणे म्हणजे त्याच्या उत्साहावर पाणी ओतणे झाले असते, आणि ते मला करायचे नाही.

पोरांत काही कमी नाही, हे त्याचे म्हणणे मला मान्य आहे. मुंबईचे वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपला, आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले. नोंदणीसाठी त्यांनी २०११ साली अर्ज केला होता, नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१९ मध्ये, आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर ते उडाले. गच्चीवरून धुळ्यापर्यंत यायला किती वर्षे लागली बघा. आपल्याकडे गोष्ट सांगताना मात्र गच्ची तेवढी सांगतात, वर्षे गाळतात.

दुसरी घटना आमच्या जवळची. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फुलसावंगी नावाचे गाव आहे. तिथल्या एका २४ वर्षांच्या, आठवीपर्यंत शिकलेल्या कारागिराने स्वतःच्या हाताने हेलिकॉप्टर बनवले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी घेताना पाते लागून तो गेला. नाव लिहीत नाही. घरच्यांचे दुःख त्यांचे आहे. त्याच्या यंत्रात नेमके काय चुकले यावर बोलण्याचा मला अधिकार नाही. मी बी. ए. मराठी, यंत्रशास्त्र मला काय कळणार? पण तो होता तोवर आपण त्याची चित्रफीत पाहून टाळ्या वाजवल्या, आणि गेल्यावर हळहळलो. या दोहोंच्या मध्ये त्याच्याजवळ बसून 'बाबा रे, हा पत्रा कुठला, हा पाइप कुठला, लिहून ठेवलास का?' असे विचारणारे कोणी होते का, हा प्रश्न मला अजून छळतो.

आता तुम्ही म्हणाल, सर, तुम्हाला विमानातले काय कळते? विमानातले नाही, पण विमानाच्या पत्र्याचे रजिस्टर मी पाच महिने ठेवले आहे. त्याचीच ही हकिगत.

२०१८ च्या एप्रिलमध्ये मी आणि आमच्या सौ. पुतण्याकडे अमेरिकेत, टेक्सासला गेलो होतो. (नातेवाइकांना कोणता पुतण्या ते कळलेच असेल!) तो नोकरी करतो संगणकाची, पण मोटार ठेवायच्या गॅरेजात त्याने विमान बांधायला घेतले होते. तिकडे विमानाचा संच मिळतो. पेट्यांत सुटे भाग येतात, सोबत नकाशांची जाड वही. तिकडचा कायदा असा की निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी स्वतः केलेले पाहिजे, तरच ते घरबांधणीचे विमान म्हणून उडवायची परवानगी मिळते. त्यामुळे बरेच भाग तयार येत असले तरी काही कच्चा मालही येतो. ॲल्युमिनियमच्या काटकोनी पट्ट्या, सपाट पट्ट्या, पत्र्याचे तुकडे. कोणत्या भागासाठी त्यातून केवढा तुकडा कापायचा, हे नकाशाच्या वेगवेगळ्या पानांवर विखुरलेले असते.

पहिल्या आठवड्यात मी नुसता स्टुलावर बसून पाहत होतो. एके दिवशी पुतण्या कपाळाला हात लावून बसला. पट्टी कमी पडली होती. मी म्हटले, "अरे, मोजूनच पाठवली असेल ना त्यांनी?" तो म्हणाला, "काका, मोजूनच पाठवली. मीच चुकीच्या क्रमाने कापली."

मला गंमत वाटली. मी कागद घेऊन बसलो. त्याच्याजवळ ७२ इंचाची एक आणि ४८ इंचाची एक अशा दोन पट्ट्या होत्या. लागणारे तुकडे चार : ४०, ३१, २६ आणि २१ इंच. लांब पट्टीतून ४० आणि ३१, आखूड पट्टीतून २६ आणि २१ कापले तर सगळे बसते. याने काय केले? नकाशात २१ इंचाचा तुकडा आधी आला म्हणून तो लांब पट्टीतून कापला. मग त्याच पट्टीतून ४०, आणि आखूडमधून ३१. आता हवा २६ इंचाचा तुकडा. शिल्लक एकूण २८ इंच, पण ११ आणि १७ अशा दोन तुकड्यांत! बेरीज बरोबर, काम मात्र अडले. चौथीच्या मुलाला घालावे असे हे गणित आहे.

त्या दिवशी मी त्याला म्हटले, "तुझ्याकडे डेडस्टॉक रजिस्टर नाही. उद्यापासून ते माझ्याकडे." शाळेत एकतीस वर्षे नोकरी केली, त्यातली कितीतरी वर्षे ते रजिस्टर माझ्या गळ्यात होते. तो हसला, पण दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही घेऊन आला.

नकाशाचे प्रत्येक पान आधी वाचायचे, आणि प्रत्येक पट्टीच्या नावाने वहीत एक पान करायचे. त्या पानावर तिच्यातून निघणारे सगळे तुकडे लिहायचे. कापायला सुरुवात सगळ्यात लांब तुकड्यापासून करायची, म्हणजे लहान तुकडे उरलेल्यात बसतात. करवतीचे पाते प्रत्येक वेळी थोडा धातू खाते आणि कड घासून गुळगुळीत करतानाही थोडा जातो. शिंपी कापडात शिवणीसाठी माया सोडतो ना, तशी इथेही माया सोडावी लागते. हा शब्द मी पुतण्याला दिला, आणि तो अजून वापरतो. आमच्या सौ. तर म्हणाल्या, "यात नवीन काय? खणातून चोळी बेतताना आम्ही हेच करायचो." खरे आहे. कापडाला उभा-आडवा धागा असतो तसा लाटलेल्या पत्र्यालाही असतो. लाटलेल्या दिशेला आडवी घडी घातली तर पत्रा बरा वाकतो, तिच्याच रेघेत घातली तर घडीवर तडकण्याची भीती जास्त. बेतताना तेही बघावे लागते.

मी स्वतः पहिल्याच दिवशी चूक केली. आयुष्यभराच्या सवयीने कानावरची शिसपेन्सिल काढली आणि पत्र्यावर रेघ मारायला गेलो. पुतण्याने हात धरला. "काका, पेन्सिल नको!" पेन्सिलीतले शिसे म्हणजे शिसे नव्हेच, ते ग्राफाइट. ॲल्युमिनियमवर त्याची रेघ राहिली आणि ओल लागली की त्या रेघेतच धातू हळूहळू खाल्ला जातो. खिळ्याने ओरखडा काढणे तर त्याहून वाईट, कारण तडा तिथूनच सुरू होऊ शकतो. म्हणून बारीक टोकाच्या शाईच्या पेनानेच खूण करायची. पत्रा सिमेंटच्या जमिनीवर टेकवून ठेवायचा नाही. ओल आली की सिमेंटमधला क्षार धातूला लागतो. जर्मनच्या पातेल्यात सोडा घालून उकळले की ते काळे पडते, त्याच जातीची ही गोष्ट. पत्रे एकावर एक ठेवले आणि मध्ये पाणी शिरले तरी डाग पडतात. म्हणून लाकडी घोडीवर, कोरडे, उभे ठेवायचे.

आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे नाव. विमानाच्या पत्र्यावर कारखान्यातच शाईने ओळीने छापलेले असते : मिश्रधातूचा क्रमांक, त्याचे पाणी, जाडी. '२०२४-टी३' किंवा '६०६१-टी६' असे. पहिला आकडा मिश्रणाचा, पुढचे अक्षर त्याला दिलेल्या पाण्याचे. २०२४ मध्ये सुमारे चार-साडेचार टक्के तांबे असते. त्यामुळे तो बळकट, पण गंजायला हळवा. म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर दिलेला असतो, पातळ पत्र्यात प्रत्येक बाजूला जाडीच्या सुमारे पाच टक्के. ६०६१ मध्ये मॅग्नेशियम आणि सिलिकॉन, त्याचा स्वभाव वेगळा. तांबे घालून ॲल्युमिनियम कठीण करण्याची ही विद्या आल्फ्रेड विल्म नावाच्या शास्त्रज्ञाला १९०६ च्या सुमारास सापडली. आणि तो होता जर्मन! म्हणजे माझी आई नकळत बरोबरच बोलत होती म्हणायचे :)

तर, पत्रा कापायचा तो छापलेले नाव असलेले टोक शेवटपर्यंत राखून. उरलेल्या प्रत्येक तुकड्यावर ते नाव लगेच पुन्हा लिहायचे, आणि वहीत नोंद. ज्या तुकड्याचे नाव गेले तो विमानाच्या दृष्टीने भंगार, मग तो कितीही चकचकीत असो. हा नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला, आणि पुतण्याने त्याखाली सही केली.

जुलैतली एक रात्र मला आठवते. गॅरेजात आपल्या मे महिन्यासारखा उकाडा. पुतण्या कामावरून उशिरा आला आणि उशिरापर्यंत ठोकत बसला. सकाळी मी वही घेऊन गेलो तर पंखाच्या आतल्या बाजूला तळहाताएवढी एक नवी आधारपट्टी रिव्हेट मारून बसवलेली. मी शिल्लक तुकडे मोजले. वहीतला एकही तुकडा कमी झाला नव्हता.

संध्याकाळी त्याला विचारले, "ही पट्टी कुठल्या तुकड्यातली?"

तो म्हणाला, "तिथे बाकाखाली पडला होता, काका. जाडी मोजली मी. तेवढीच भरली."

"नाव होते त्यावर?"

"नव्हते. पण पत्रा तोच आहे. चालेल."

बाकाखाली एक खोका होता. सुरुवातीला रिव्हेट मारायचा सराव करायला त्याने बाजारातून स्वस्त पत्रा आणला होता, त्याचे तुकडे त्यात असत. तो पत्रा ३००३ जातीचा. छपराला आणि भांड्यांना वापरतात तो, म्हणजे आपल्या पातेल्याचा भाऊबंद. त्याचीही जाडी तेवढीच, ०.०३२ इंच, म्हणजे जेमतेम ०.८ मिलिमीटर. चमक तीच. २०२४ वर शुद्ध ॲल्युमिनियमचाच थर असल्याने डोळ्यांना फरक कळत नाही. पण ताण पडला की ३००३ निम्म्याहूनही कमी जोरात कायमचा वाकतो. बसवलेली पट्टी कोणत्या पत्र्याची होती? ती २०२४ ची असण्याची शक्यता होती, नसण्याचीही होती. सांगता येत नव्हते, एवढेच खरे.

त्याच्या तोंडचा 'चालेल' हा शब्द माझ्या काळजात रुतला. का, ते त्याला त्या रात्री सांगितले. घरच्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत आहे. आज इथे लिहितो आहे.

१९८६-८७ ची गोष्ट असेल. शाळेचे नाव लिहीत नाही, दोष शाळेचा नव्हता. वर्षअखेरीला प्रयोगशाळेतील सामानाची मोजदाद माझ्याकडे आली. विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते. कपाटात बाटल्या ओळीने लावलेल्या. रजिस्टरमध्ये चोवीस, कपाटात चोवीस. दोन-तीन बाटल्यांच्या चिठ्ठ्या वाळवीने खाल्ल्या होत्या. मी शिपायाला म्हणालो, "चालेल, आकडा जुळतो आहे," आणि खाली लिहिले, 'तपासले, बरोबर आढळले.' सही केली. पुढे दोन-तीन महिन्यांनी नववीतल्या एका मुलाने त्यातली एक बाटली पाणी समजून उचलली. ते गंधकाम्ल होते. त्याच्या उजव्या हाताचा तळवा भाजला. हात वाचला, पण कातडी आवळलेली राहिली. मला कोणी एका शब्दाने विचारले नाही. सही माझी आहे हे कोणाच्या ध्यानातही आले नसेल. तो मुलगा आज पन्नाशी उलटलेला शेतकरी आहे. बाजारात भेटला की वाकून नमस्कार करतो, त्याच हाताने.

आकडा जुळणे आणि ओळख पटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी असे शिकलो.

पुतण्या काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने ड्रिल घेतले आणि एकेक रिव्हेटचे डोके पोखरून काढायला सुरुवात केली. फार जपून करावे लागते ते काम. खालच्या पत्र्याचे छिद्र मोठे झाले की आणखी एक दुखणे. आठ रिव्हेट काढायला तास गेला. पट्टी त्याने दुमडून भंगारात टाकली. नवी पट्टी नाव असलेल्या पत्र्यातून कापली, मी वहीत नोंद केली. पुढे आणखी एक प्रकार झाला. तो पत्रा दुसऱ्या एका भागासाठी बेतून ठेवलेला होता, तिथे आता दोन बोटे कमी पडला. नवीन तुकडा मागवावा लागला. पत्र्यापेक्षा त्याच्या टपालाचा खर्च जास्त! सौ. म्हणाल्या, "एवढ्याशा पट्टीसाठी?" पुतण्याच म्हणाला, "काकू, एवढ्याशा पट्टीसाठी नाही. वहीसाठी." सराव-पत्र्याचा खोका त्याच रात्री गॅरेजबाहेर गेला. तो विमानाच्या मालाशेजारी ठेवायलाच नको होता, आणि ते माझ्याही आधी लक्षात यायला हवे होते. रजिस्टर माझ्याकडे होते ना.

असो. आता मुद्द्यावर येतो.

'जुगाड' या शब्दावर माझा राग आहे. अडल्या वेळी तार बांधून मोटार चालू करणे ठीक आहे. मोटार बंद पडली तर पिकाला पाणी उशिरा मिळेल. माणूस ज्याच्यात बसून जमीन सोडणार आहे त्याला हा न्याय लागू नाही. आपण धाडसाचे कौतुक करतो, आणि नोंद ठेवणाऱ्याला 'कारकुंडा' म्हणतो. शाळेत डेडस्टॉक रजिस्टर ही शिक्षा समजली जाते, नव्याच्या गळ्यात ती मारतात. पुन्हा म्हणतो, पोरांत काही कमी नाही. कमी आहे ती त्यांच्याशेजारी वही घेऊन बसणाऱ्यांची, आणि ते काम आम्हा म्हाताऱ्यांना सहज करता येईल.

कोणी म्हणेल, सर, गरिबाच्या पोराने नावाचा पत्रा आणायचा कुठून? परवडणार कसा? हा आक्षेप खोटा नाही. विमानाचा पत्रा महाग असतो आणि हिंगोलीच्या बाजारात मिळत नाही. माझे म्हणणे एवढेच की मग त्या पोराने नांगर बनवावा, पेरणी यंत्र बनवावे, हळद उकळायची कढई सुधारावी, आणि त्यातही प्रत्येक तुकड्याचे नाव लिहायची सवय लावून घ्यावी. ज्याला वाटते आपल्याला उडायचेच आहे, त्याला आपण सगळ्यांनी मिळून नावाचा पत्रा मिळवून द्यावा. टाळ्यांपेक्षा तो त्याला उपयोगी पडेल. यादवांना कागदावर आठ वर्षे लागली, याची चीड मलाही आहे. नियम लवकर हलावेत. पण कागदच नको, हा त्यावरचा उपाय नव्हे.

पुतण्याचे विमान २०२२ मध्ये उडाले. त्याआधी तपासनीस आला होता. त्याने विमान पाहिलेच, पण बांधणीच्या नोंदी आणि फोटोही पाहिले. माझी मराठी वही त्यात होती. पुतण्याने प्रत्येक पानामागे इंग्रजी जोडले होते. उड्डाण मी इथे पुसेगावात, ओट्यावर बसून, मोबाईलवर पाहिले. नेटवर्क मधूनमधून जात होते. विमान धावपट्टीवर असताना चित्र थांबले आणि परत आले तेव्हा ते आकाशात होते. मधला क्षण मी पाहिलाच नाही. सौ. देवापुढे बसल्या होत्या. मी मात्र त्या पंखातली तळहाताएवढी पट्टी आठवत होतो. ती कुठल्या पत्र्यातली, हे मला माहीत होते. पान ४१, तुकडा क्रमांक ७.

त्या विद्यार्थ्याला आता उत्तर पाठवतो आहे. 'बाळ, चित्रफीत पाहिली. मुलगा हुशार आहे. त्याचा पत्ता मिळाला तर मला कळव, मी त्याला एक दोनशे पानी वही पाठवीन. पहिले पान मी लिहून देतो.'